फ्रेंच कविता मोजायची कशी: अक्षरं, यमक आणि पुनरावृत्ती

फ्रेंच शिकताना कधी ना कधी कवितेचं विश्लेषण करायची वेळ येते आणि बहुतेक जण थेट अर्थाला हात घालतात. संध्याकाळ म्हणजे उदासी, फूल म्हणजे सौंदर्य, सूर्यास्त म्हणजे मृत्यू. दोन परिच्छेदांत दम संपतो आणि मग ‘कवीने फार सुंदर वर्णन केले आहे’ छापाची वाक्यं सुरू होतात. फ्रेंच वर्गात असं उत्तर चालत नाही. तिथे अर्थाच्या आधी विचारतात: ओळीत अक्षरं किती? ओळ मोडते कुठे? यमक कोणत्या जातीचं? कोणती ओळ परत आली आणि परत येताना तिच्यात काय बदललं?

या प्रश्नांची उत्तरं नुसती लिहून काढली तर तोही हिशेबच. मोजायचं ते कवीने भाषेला कुठे वाकवलं आहे हे दिसावं म्हणून. रोजच्या बोलण्यातला उच्चार आणि ओळीला लागणारा उच्चार जिथे जुळत नाहीत, किंवा वाक्य एकीकडे थांबतं आणि ओळ दुसरीकडे, तिथे पेन्सिलने खूण करायची. अर्थाबद्दल जे काही बोलायचं ते या खुणांपासून सुरू करायचं. पुढचा सगळा लेख या खुणा कशा शोधायच्या याबद्दल आहे.

सरावासाठी एकच कविता घेऊ. शार्ल बोदलेअरची ‘आर्मोनी द्यू स्वार’, म्हणजे संध्याकाळचा मेळ. ‘ले फ्लॅर द्यू माल’ या त्याच्या १८५७ च्या संग्रहातली. (त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने या संग्रहातल्या सहा कविता काढून टाकायला लावल्या, ही त्यांत नव्हती.) नवख्यांसाठी ही कविता निवडायचं कारण सरळ आहे: छंद नेहमीचा, यमकं फक्त दोन, आणि पुनरावृत्ती इतकी की नजरेतून सुटणं अशक्य. कविता सोळा ओळींची, चार-चार ओळींची चार कडवी. मूळ फ्रेंच मजकूर शेजारी ठेवा आणि ओळींना १ ते १६ आकडे घाला. खाली उच्चार देवनागरीत दिले आहेत. ते अर्थातच जवळपासचे आहेत, पण मोजायला पुरतात.

आधी नुसता अर्थ, म्हणजे पुढे अडायला नको. सोळांपैकी सहा ओळी दोनदा येतात, त्यामुळे वेगळ्या ओळी दहाच:

१. अशी वेळ येते आहे, जेव्हा देठावर थरथरत
२. प्रत्येक फूल धूपदाणीसारखं विरून जातं;
३. संध्याकाळच्या हवेत सूर आणि सुगंध गरगरतात;
४. उदास वॉल्ट्झ आणि गुंगवणारी घेरी!
६. कुणी दुखावलेल्या हृदयासारखं व्हायोलिन थरारतं;
८. आकाश उदास आणि सुंदर आहे, एखाद्या मोठ्या वेदीसारखं.
१०. एक हळवं हृदय, ज्याला अफाट काळ्या शून्याचा तिटकारा आहे!
१२. सूर्य स्वतःच्याच गोठत्या रक्तात बुडाला.
१४. तेजाळ भूतकाळाचा प्रत्येक अवशेष गोळा करतं!
१६. तुझी आठवण माझ्यात लखलखते, पवित्र भाकरीच्या सोनेरी पात्रासारखी!

पहिली पायरी: अक्षरं मोजा

मराठी माणसाने इथे सगळ्यात आधी लघु-गुरू डोक्यातून काढून टाकायचे. फ्रेंच छंदात ऱ्हस्व-दीर्घाला किंमत नाही, मात्रा नाहीत, गण नाहीत. मोजायची ती फक्त उच्चारातली अक्षरं. त्यामुळे मंदाक्रांता-शार्दूलविक्रीडितापेक्षा आपला अभंग या छंदाला जवळचा आहे. ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ हे मोजून पाहा: सहा, सहा, सहा, चार. बोलताना आपण ‘सुंदर्’ आणि ‘ध्यान्’ म्हणतो, शेवटचा अ गिळतो. तसं मोजलं तर पहिल्या चरणात चारच अक्षरं भरतील. अभंगाच्या मोजणीत मात्र तो गिळलेला अ पुन्हा जिवंत होतो आणि सहा भरतात.

फ्रेंचमध्ये नेमकं हेच शब्दाच्या शेवटच्या ‘ए’चं होतं. बोलताना तो जवळजवळ ऐकू येत नाही, म्हणून त्याला मूक ए म्हणतात. कवितेत त्याचे नियम तीन. पुढचा शब्द व्यंजनाने सुरू होत असेल तर तो मोजायचा. पुढचा शब्द स्वराने (किंवा मूक ‘ह’ने) सुरू होत असेल तर तो लोपतो, मोजायचा नाही. आणि ओळीच्या अगदी शेवटी असेल तर कधीच मोजायचा नाही. एवढं पाठ झालं की निम्मं काम झालं.

दुसरी ओळ घेऊ: ‘शाक फ्लॅर सेवापॉर एँसी कँ-नाँसाँस्वार’. अक्षरं पाडली की अशी दिसते:

शा–क–फ्लॅर–से–वा–पॉ / रें–सी–कँ–नाँ–साँ–स्वार

बारा. ‘शाक’च्या शेवटचा मूक ए मोजला, कारण पुढे ‘फ्लॅर’चं व्यंजन आहे. ‘सेवापॉर’चा शेवटचा ए लोपला, कारण पुढे ‘एँसी’ स्वराने सुरू होतो; त्यातला र उडी मारून पुढच्या शब्दाला चिकटला. पॅरिसमधल्या रस्त्यावर ‘शाक फ्लॅर’ दोन अक्षरांत उरकतात. इथे तीन लागतात. पहिली खूण करा.

तिसऱ्या ओळीत एक सापळा आहे. ‘ले सों ए ले पार्फँ तूर्न दाँ लेर द्यू स्वार’. इथे ‘तूर्न’ हे अनेकवचनी क्रियापद आहे आणि त्याच्या शेवटी ‘-एंट’ असं लिहिलेलं दिसतं. बोलताना ते पूर्ण गप्प असतं. छंदात मात्र तो मूक ए-च आहे. पुढे ‘दाँ’ व्यंजन असल्यामुळे मोजावाच लागतो: तूर–न–दाँ–लेर–द्यू–स्वार, सहा. नवशिके नव्वद टक्के वेळा इथेच अकरावर अडकतात आणि मग कवीने नियम मोडला असं लिहून मोकळे होतात. बोदलेअरवर असा आरोप करण्याआधी दोनदा मोजावं.

मोजणीतली दुसरी अडचण म्हणजे दोन स्वर शेजारी आले की ते एक अक्षर की दोन. सहावी ओळ: ‘ल वीओलों फ्रेमी कॉम अँ कॅर कों आफ्लीझ’. व्हायोलिनसाठीचा फ्रेंच शब्द बोलताना दोन अक्षरांचा, ‘व्यो-लों’. तसा मोजला तर ओळ अकरावर थांबते. इथे तो तीन अक्षरांत फोडावा लागतो: ल–वी–ओ–लों–फ्रे–मी / कॉ–मँ–कॅर–कों–आ–फ्लीझ. या फोडण्याला फ्रेंचमध्ये ‘दियेरेझ’ म्हणतात, आणि उलट, दोन स्वर एकात दाबण्याला ‘सिनेरेझ’. आठव्या ओळीतलं आकाश, ‘स्येल’, एकाच अक्षराचं. शेवटच्या ओळीतलं ‘ल्वी’ (लखलखतं) तेही एकाच. कोणता शब्द फुटतो आणि कोणता नाही हे बरंचसं त्या शब्दाच्या इतिहासावर आणि कवींच्या परंपरेवर ठरतं. सुरुवातीला सोपी युक्ती वापरा: ओळ एकाने कमी भरली तर इ, उ, ऊ नंतर स्वर येणारा शब्द शोधा, एकाने जास्त भरली तर कुठला तरी लोप तुमच्या नजरेतून निसटला आहे.

दुसरी खूण ‘वीओलों’वर. इथे अर्थाला धरून बोलण्यासारखंही आहे: व्हायोलिन थरारतं असं सांगणाऱ्या ओळीत व्हायोलिनचा शब्द ताणला गेला आहे, एका सुरावर गज थोडा जास्त वेळ टेकल्यासारखा. हे म्हणायला मोजणीचा आधार आहे, म्हणून ते चालतं. नुसतं ‘संगीतमय शब्दरचना’ लिहिणं चालत नाही.

याच पद्धतीने सोळाही ओळी मोजा. सगळ्या बारा भरल्या पाहिजेत. भरल्या की छंदाचं नाव लिहा: ‘अलेक्झाँद्रँ’. सतराव्या शतकातल्या फ्रेंच शोकांतिका याच छंदात आहेत आणि एकोणिसाव्या शतकातही गंभीर कवितेचा नेहमीचा पोशाख हाच. आठ अक्षरांची ओळ गाण्याला जवळची, दहा अक्षरांची जुनी, बहुधा चार-सहा अशी मोडणारी. विषम संख्येच्या ओळी फ्रेंच कानाला डळमळीत वाटतात; पॉल व्हेर्लेनने तर विषमाची तरफदारी करणारी कविताच नऊ अक्षरांत लिहिली.

दुसरी पायरी: ओळ कुठे मोडते

अलेक्झाँद्रँ मधोमध मोडतो. सहा अक्षरं, यती, पुन्हा सहा. या यतीला ‘सेझ्यूर’ म्हणतात आणि प्रत्येक अर्ध्याला ‘एमिस्तीश’. सहाव्या अक्षरावर आघात पडतो आणि बाराव्यावरही. हे दोन आघात पक्के. त्यांच्याखेरीज प्रत्येक अर्ध्यात साधारण एक फिरता आघात असतो, आणि तो शब्दसमूहाच्या शेवटच्या ठसठशीत अक्षरावर पडतो. इंग्रजीसारखा शब्दाचा स्वतःचा ठरलेला आघात फ्रेंचमध्ये नाही, हे इंग्रजी माध्यमातून आलेल्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. इंग्रजी छंदाची नावं फ्रेंच ओळीवर चिकटवू नका.

आता आघात मोजायचे. बाराव्या ओळीत ते फार स्वच्छ दिसतात: ‘ल सॉलेय से न्वाये दाँ सों साँ की स फीझ’.

ल–सॉ–लेय | से–न्वा–ये || दाँ–सों–साँ | की–स–फीझ

तीन, तीन, तीन, तीन. सूर्य रक्तात बुडतो ती ओळ वॉल्ट्झ या नाचाच्या तिहेरी ठेक्यात चालते, आणि चौथ्या ओळीत कवीने वॉल्ट्झचं नाव घेतलेलं आहे. हे टिपून ठेवा, पण लगेच हुरळून जाऊ नका. संपूर्ण कविता तीन-तीनमध्ये नाही. पहिल्या ओळीचा पहिला अर्धा चार-दोन आहे (व्वा–सी–व–नीर | ले–ताँ), आठवीचा दोन-दोन-दोन (ल–स्येल | ए–त्रीस | ते–बो). ‘कविता वॉल्ट्झच्या तालात आहे’ असं सरसकट लिहिलं की परीक्षक पुढची ओळ मोजून तुम्हाला खोटं पाडेल. ‘बाराव्या ओळीत तिहेरी ठेका अगदी नियमित होतो’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे.

दहावी ओळ आणखी मजेशीर. ‘अँ कॅर ताँद्र, की ए ल नेआँ वास्त ए न्वार’. आकड्यांत तीही तीन-तीन-तीन-तीन पाडता येते. पण तोंडाने म्हणून बघा. ‘ताँद्र’ नंतर स्वल्पविराम आहे आणि त्याचा मूक ए पुढच्या ‘की’मुळे मोजावा लागतो. म्हणजे आघात तिसऱ्या अक्षरावर, ‘ताँ’वर, वाक्य थांबतं चौथ्या अक्षरानंतर, आणि यती येते सहाव्यानंतर, ‘की ए’वर, म्हणजे ‘तिटकारा आहे’ या क्रियापदावर. तिटकारा कशाचा, ते यतीपलीकडे: ‘ल नेआँ’, शून्य. क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये छंदाने फट पाडली आहे. वाक्याला तिथे थांबायचं नाही, ओळीला थांबायचं आहे. तिसरी खूण, आणि माझ्या मते या कवितेतली सगळ्यात मोलाच्या खुणांपैकी एक. हृदय आणि शून्य यांच्यामधली ती फट वाचताना ऐकू आली पाहिजे. मोठ्याने, हळू वाचा.

वाक्य ओळीच्या टोकाला न थांबता पुढच्या ओळीत वाहत गेलं तर त्याला ‘आँझाँबमाँ’ म्हणतात. पहिल्या ओळीतून दुसरीत असंच होतं: ‘देठावर थरथरत’ इथे ओळ संपते आणि थरथरणारं कोण ते पुढे कळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुनरावृत्तीच्या पायरीला लागणार आहे.

तिसरी पायरी: यमक

प्रत्येक ओळीच्या शेवटच्या शब्दापुढे अक्षर लिहा. ‘तीझ’ ला अ, ‘आँसाँस्वार’ ला ब. खाली उतरत जा. हाती येतं ते असं: अबबअ, बअअब, अबबअ, बअअब. नवा गट कधी लागतच नाही. सोळा ओळी, दोनच यमकं, ‘-ईझ’ आणि ‘-वार’. चार ओळींत बाहेरच्या दोन एकमेकींशी आणि आतल्या दोन एकमेकींशी जुळतात, त्याला आलिंगित यमक म्हणतात. लागोपाठ जुळलं (अअबब) तर सपाट, एकाआड एक जुळलं (अबअब) तर उलटसुलट.

मग जात. शेवटी मूक ए असलेलं यमक स्त्रीलिंगी, नसलेलं पुल्लिंगी. शब्दाच्या व्याकरणातल्या लिंगाशी याचा काही संबंध नाही, आणि इथेच घोळ होतो: ‘वेर्तीझ’ (घेरी) आणि ‘वेस्तीझ’ (अवशेष) हे दोन्ही शब्द फ्रेंच व्याकरणात पुल्लिंगी आहेत, तरी यमक स्त्रीलिंगी. अभिजात फ्रेंच कवितेत या दोन जाती आलटून-पालटून आल्या पाहिजेत असा दंडक आहे. बोदलेअर तो पाळतो, फक्त त्यासाठी त्याने एकच स्त्रीलिंगी आणि एकच पुल्लिंगी यमक पुरवून वापरलं आहे.

मग श्रीमंती. यमकात एकच ध्वनी जुळला तर गरीब, दोन जुळले तर पुरेसं, तीन किंवा जास्त जुळले तर श्रीमंत. ‘आफ्लीझ’ आणि ‘फीझ’ यांत ई आणि झ जुळतात: पुरेसं. ‘तीझ’ आणि ‘वेर्तीझ’ यांत त-ई-झ: श्रीमंत. मोजताना लिखाण नको, उच्चार बघा. फ्रेंच स्पेलिंगमध्ये न उच्चारलेली अक्षरं भरपूर असतात.

एवढं झालं की मग यमकाचे शब्द एका खाली एक लिहून नुसते वाचा. बरेच जण ही गोष्ट करत नाहीत आणि तिथेच कवितेचा कणा असतो. ‘-वार’ यमकाचे शब्द: आँसाँस्वार, स्वार, रपोझ्वार, न्वार, ऑस्ताँस्वार. धूपदाणी, संध्याकाळ, वेदी, काळं, आणि पवित्र भाकरीचं पात्र. पाचांतले तीन चर्चमधले. दुसऱ्या कडव्यातली ती वेदी म्हणजे मिरवणुकीच्या वाटेवर पवित्र भाकर थोडा वेळ टेकवण्यासाठी सजवलेली वेदी. वसईत किंवा गोव्यात अशी मिरवणूक पाहिलेल्या वाचकाला ते सोन्याचं पात्रही आठवेल: मधे काचेची गोल चकती आणि सभोवती सूर्यासारखे किरण. आता बारावी आणि सोळावी ओळ शेजारी ठेवा. आकाशातला सूर्य रक्तात बुडाला, आणि शेवटच्या शब्दात सूर्याच्याच आकाराची एक वस्तू आत लखलखू लागली. हे नातं मला तरी यमकाची यादी केल्याशिवाय इतकं स्पष्ट दिसलं नसतं. आणखी एक: धूपदाणी आणि ते पात्र या दोन्ही शब्दांच्या पोटात ‘स्वार’, संध्याकाळ, पूर्ण ऐकू येते.

ओळीच्या आतला नाद इथेच उरकून घ्या. दोनच गोष्टी पाहा. ‘व’चा धागा: व्वासी, वनीर, वीब्राँ, सेवापॉर, वाल्स, वेर्तीझ, वीओलों, वास्त, वेस्तीझ, पहिल्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत तो सुटत नाही. आणि दुसऱ्या ओळीच्या उत्तरार्धातले अनुनासिक: रें, कँ, नाँ, साँ, एकापाठोपाठ चार. एखादा अनुप्रास सापडला की ‘व हा वाऱ्याचा ध्वनी’ अशी समीकरणं मांडायचा मोह होतो. तो आवरा. कुठलाही ध्वनी स्वतःहून काही सांगत नाही. तो कोणते शब्द एकमेकांना बांधतो ते सांगा.

चौथी पायरी: पुनरावृत्ती

सोळा ओळींची रचना अशी आहे: प्रत्येक कडव्याची दुसरी आणि चौथी ओळ पुढच्या कडव्याची पहिली आणि तिसरी होते. म्हणजे २ परत येते ५ म्हणून, ४ येते ७ म्हणून, ६ येते ९ म्हणून, ८ येते ११ म्हणून, १० येते १३ म्हणून, १२ येते १५ म्हणून. कागदावर बाण काढा. या रचनेचं नाव ‘पाँतूम’. मूळ मलाय भाषेतल्या ‘पांतुन’चं हे फ्रेंच रूप. १८२९ मध्ये व्हिक्टर ह्यूगोने ‘लेझ ऑरियाँताल’ या संग्रहाच्या टिपांमध्ये एका मलाय पांतुनचा गद्य अनुवाद छापला आणि फ्रेंच कवींना हा साचा माहीत झाला.

कवितेची एखाद्या ठरलेल्या साच्याशी तुलना करताना ‘पाँतूम आहे’ इतकं लिहून थांबू नका. कवीने साचा कुठे मोडला तेही लिहा. नियमाप्रमाणे पाँतूममध्ये एकाआड एक यमक असतं आणि शेवटची ओळ ही पहिलीच ओळ असते, वर्तुळ पूर्ण होतं. बोदलेअरने आलिंगित यमक वापरलं आणि वर्तुळ मिटवलं नाही. पहिली ओळ परत येत नाही. तिच्या जागी ‘तुझी आठवण’ येते, आणि ही ‘तू’ त्याआधी पंधरा ओळींत कुठेही नाही.

आता खरं काम. परत आलेली ओळ शब्दशः तीच असली तरी तिचं वाक्यातलं काम तेच राहिलं आहे का, हे प्रत्येक जोडीसाठी तपासायचं. दोन जोड्या इथे जवळून पाहू.

२ आणि ५. पहिल्यांदा ‘प्रत्येक फूल विरून जातं’ हे ‘अशी वेळ, जेव्हा…’ या वाक्याचं शेपूट आहे. त्यातलं ‘थरथरत’ मागच्या ओळीतून वाहत आलं आहे. पाचव्या ओळीत तेच शब्द स्वतंत्र वाक्य होऊन उभे राहतात. मागे काही नाही, देठ नाही, थरथर नाही. आधी ‘येऊ घातलेल्या वेळेचं’ वर्णन होतं. आता ते डोळ्यांसमोर घडतं आहे. एकही शब्द न बदलता वेळ सरकली.

१० आणि १३. ही जोडी सगळ्यात अवघड आणि सगळ्यात सुंदर. नवव्या ओळीत व्हायोलिन ‘दुखावलेल्या हृदयासारखं’ थरारतं. दहावी ओळ, ‘एक हळवं हृदय…’, त्या उपमेतल्या हृदयाचाच खुलासा करते. म्हणजे ते हृदय व्हायोलिनच्या तुलनेसाठी आणलेलं, उसनं. ओळीच्या शेवटी उद्गारचिन्ह, आणि विषय संपतो. तेराव्या ओळीत तेच शब्द, पण शेवटी स्वल्पविराम. आणि चौदाव्या ओळीत क्रियापद मिळतं: ‘…भूतकाळाचा प्रत्येक अवशेष गोळा करतं’. उपमेतलं हृदय आता वाक्याचा कर्ता झालं. ते कुणाचं तरी खरं हृदय आहे, काहीतरी करतं आहे. दोन ओळी पुढे गेलं की ‘माझ्यात’ हा शब्द येतो आणि कुणाचं ते कळतं. कविता निसर्गवर्णनातून प्रेमकवितेत गेली ती या एका विरामचिन्हातून.

म्हणूनच मजकूर चांगल्या छापील आवृत्तीतून घ्या. कुठून तरी उतरवलेल्या प्रतीत स्वल्पविरामाचा पूर्णविराम झालेला असतो आणि मग अख्खा मुद्दा हातातून जातो. १२ आणि १५ या जोडीतही फरक फक्त विरामचिन्हाचा आहे, पूर्णविरामाच्या जागी तीन टिंबं. तो तुम्हीच तपासा.

शेवटी ज्या ओळी परत येत नाहीत त्यांची यादी करा. १, ३, १४, १६. पुनरावृत्ती इतकी दाट असलेल्या कवितेत एकदाच येणारी ओळ वेगळी ऐकू येते. त्यातल्या ३ आणि १६ मोजून पाहिल्या तर एक गोष्ट सापडते:

ले–सों–ए–ले–पार–फँ || तूर–न–दाँ–लेर–द्यू–स्वार
तों–सू–व–नीर–आँ–म्वा || ल्वी–कॉ–मँ–नॉस–ताँ–स्वार

दोन्ही ओळींत मुख्य क्रियापद नेमकं यतीनंतरच्या पहिल्या अक्षरावर आहे: ‘गरगरतात’ आणि ‘लखलखते’. त्यामुळे सहाव्या आणि सातव्या, शेजारशेजारच्या अक्षरांवर आघात पडतात. फ्रेंच ओळ असे दोन आघात लागोपाठ सहसा येऊ देत नाही. जीभ अडखळते आणि क्रियापद उठून दिसतं. एकीकडे सगळं फिरतं आहे, दुसरीकडे फिरणं थांबून एक गोष्ट लखलखते आहे. तेच स्थान, तोच आघात, तेच यमक.

लिहायचं कसं

उत्तर लिहिताना मोजणीच्या क्रमाने लिहू नका. ‘छंद अलेक्झाँद्रँ आहे, यमक आलिंगित आहे, रचना पाँतूम आहे’ ही यादी पहिल्या दोन वाक्यांत उरकून टाका. मग तुमच्या खुणांपैकी तीन निवडा आणि प्रत्येकीसाठी एक परिच्छेद: कुठल्या ओळीत, काय मोजलं, बोलण्यापेक्षा किंवा नियमापेक्षा वेगळं काय झालं, त्यामुळे अर्थात काय हललं. चौथा भाग लिहिता येत नसेल तर ती खूण सोडून द्या. प्रत्येक दियेरेझ काही सांगत असतोच असं नाही. पुष्कळदा कवीला फक्त बारा भरायचे असतात, आणि तसं वाटलं तर गप्प बसावं.

पुढच्या सरावाला व्हेर्लेनची ‘शाँसों दोतॉन’ घ्या, १८६६ ची. अठरा छोट्या ओळी, ‘अबबअ’सारख्या ओळखीच्या खुणा तिथे कामाला येणार नाहीत: यमकाचा नमुना अअबककब असा निघतो, आणि ओळी चार, चार, तीन अक्षरांच्या. दुसऱ्याच ओळीत पुन्हा व्हायोलिन आहे, या वेळी अनेकवचनी. ओळीत शब्द दोनच, आणि भरायची आहेत चार अक्षरं.